शेजारचा क्लब जेवायला येणार असेल तर मेनूच्या आधी खुर्च्यांचं बघा

तुमचा प्रश्न नीट वाचला. तुमचा रोटरी क्लब लहान आहे, २४ मेंबरचा, तुम्ही यंदा सेक्रेटरी आहात आणि शेजारच्या तालुक्याच्या क्लबचे २५-३० जण डिसेंबरमधल्या एका शनिवारी तुमच्याकडे जेवायला येणार आहेत. कार्यक्रम काय ठेवू, मेनू काय, खर्च कोणी करायचा, माजी अध्यक्ष म्हणतात गायक बोलवा तर बोलवू का, असं विचारलंय. आणि अगदी शेवटी एका ओळीत लिहिलंय की मागच्या वर्षी तुम्ही त्यांच्याकडे गेला होतात तेव्हा दोन्ही क्लब आपापल्या टेबलावर बसून जेवले आणि घरी आले.

खरा प्रश्न त्या शेवटच्या ओळीतच आहे बघा. पन्नास माणसांना जेवू घालणं आपल्याकडे कुणालाच अवघड नाही, बारशाला सुद्धा एवढी माणसं होतात. अवघड आहे ते ओळख नसलेल्या माणसांना एका टेबलावर बसवून तासभर बोलतं करणं. ते जमलं तर जेवण साधं असलं तरी चालतं, आणि ते नाही जमलं तर गायक कितीही चांगला असू दे, लोक त्याच्याकडे तोंड करून बसणार आणि शेजाऱ्याशी एक शब्द बोलणार नाहीत.

मी रोटरीत २६ वर्षं आहे, वारणाकाठच्या एका छोट्या गावच्या क्लबात. अध्यक्ष झालो, पुढे असिस्टंट गव्हर्नर, म्हणजे रोटरीच्या डिस्ट्रिक्टतर्फे काही क्लबांकडे लक्ष ठेवणारा, म्हणून आजूबाजूचे पाच-सहा क्लब जवळून बघितले, आणि अशा जेवणाच्या भेटी यजमान म्हणून आणि पाहुणा म्हणून मिळून तीसेक तरी केल्या असतील. त्यातून जे हाती लागलं ते लिहितो. सगळं तुम्हाला लागू पडेलच असं नाही, तुमचं गाव कसं आहे, दोन क्लबांत आधीचं काही आहे का, अंतर किती, यावर बरंच अवलंबून आहे, तिथं तिथं तसं सांगतोच.

आधी हे लक्षात घ्या की एकमेकांकडे जाणं ही रोटरीत नंतर आलेली हौस नाही, ती मुळातच आहे. १९०५ ला शिकागोत पॉल हॅरिस आणि त्यांचे सोबती आळीपाळीनं एकेकाच्या ऑफिसात जमायचे म्हणून तर रोटरी हे नाव पडलं. आणि आमच्या पिढीला आठवत असेल, पूर्वी हजेरीचा नियम कडक होता, आपल्या क्लबची मीटिंग चुकली की चौदा दिवस आधी किंवा नंतर दुसऱ्या कुठल्यातरी क्लबच्या मीटिंगला जाऊन मेकअप करायचा, तिथून सहीचं कार्ड आणायचं. त्या निमित्तानं का होईना माणूस एकटा शेजारच्या क्लबात जाऊन बसायचा आणि एकटा गेला की बोलायलाच लागायचं, दुसरा इलाजच नसायचा. २०१६ च्या कौन्सिलनंतर, म्हणजे रोटरीचे नियम ठरवणाऱ्या सभेनंतर, क्लबांना मीटिंग आणि हजेरीच्या बाबतीत बरीच मोकळीक मिळाली, ते चांगलंच झालं, पण मेकअपसाठीचं ते जाणंयेणं आमच्या भागात तरी जवळपास थांबलं. आता आपण जातो ते गाड्या भरून, तीस जण एकत्र, आणि तीस जण एकत्र गेले की ते तीस जण एकमेकांशीच बोलतात. तुमचं मागच्या वर्षी झालं ते यामुळं झालं, त्यात कुणी उद्धट नव्हतं की कुणाच्या मनात काही नव्हतं.

माझ्या अध्यक्षपदाच्या वर्षी, २००८-०९ ला, मी हीच चूक केली होती आणि मोठी केली होती. मंगल कार्यालय घेतलं, स्टेज, मागं फ्लेक्स, दोन्ही अध्यक्ष, दोन्ही सेक्रेटरी, आमचे तीन माजी अध्यक्ष, त्यांचे दोन, सगळे स्टेजवर. घंटा झाली, फोर वे टेस्ट, म्हणजे रोटरीची चार प्रश्नांची कसोटी, म्हणून झाली, प्रत्येकाला बुके, शाल, श्रीफळ, प्रत्येकाचं मनोगत. नऊ भाषणं झाली हो. जेवण सुरू व्हायला साडेदहा वाजले, तोवर पांढरा रस्सा दोनदा गरम करून फुटला होता, आणि पाहुण्यांमधले निम्मे लोक ताटात दोन घास घेऊन गाडीकडे निघाले कारण त्यांना २८ किलोमीटर परत जायचं होतं. त्यांच्यातल्या एका वयस्कर डॉक्टरांनी जाताना माझा हात हातात घेऊन सांगितलं, पुढच्या वेळी आम्हाला नुसतं तुमच्यात बसू द्या. ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही, पुढं जे काही केलं ते त्या वाक्यावरून केलं.

तर आता मी काय करतो ते सांगतो. भेटीच्या आठवडाभर आधी समोरच्या सेक्रेटरीकडून येणाऱ्यांची यादी घेतो, नुसती नावं नाही, नावासमोर व्यवसाय आणि गाव. रोटरीत क्लासिफिकेशन म्हणून जे आहे ते अशा वेळी फार उपयोगी पडतं, प्रत्येक मेंबर कुठल्या ना कुठल्या धंद्याचा म्हणूनच नोंदलेला असतो. मग आमच्या दोन माजी अध्यक्षांना घेऊन चहाला बसतो आणि वहीत दोन रकाने आखून जोड्या लावतो, त्यांचा एक आणि आमचा एक. आर्किटेक्टला आर्किटेक्ट लावायचा मोह होतो पण ते दरवेळी चांगलं नसतं, एकाच धंद्यातले दोघं असले तर कधी कधी हात राखून बोलतात, त्यापेक्षा एकमेकाला लागणारे धंदे लावा. बांधकामवाल्याला स्टील ट्रेडर्सवाला, डॉक्टरला मेडिकलवाला किंवा लॅबवाला, द्राक्षबागायतदाराला कोल्ड स्टोरेजवाला, शाळेच्या मुख्याध्यापकाला छापखानावाला. जे नवीन मेंबर आहेत, बुजरे आहेत, त्यांना समोरच्या क्लबातला जुना बोलका माणूस द्या.

जोडी लागली की आमच्या मेंबरला फोन करून सांगायचं, अमुक साहेब येणार आहेत, ते तुमचे पाहुणे. म्हणजे क्लबचे पाहुणे नाहीत, तुमचे. गाडी आली की गेटपर्यंत तुम्ही जायचं, नाव घेऊन हाक मारायची, पाणी तुम्ही द्यायचं, जेवायला शेजारी तुम्ही बसायचं आणि निघताना गाडीपर्यंत सोडायचं. एवढंच. हे ऐकायला साधं वाटतं पण यानं सगळी संध्याकाळ बदलते, कारण आपल्याकडे माणूस क्लबच्या पाहुण्यासाठी उठत नाही पण आपल्या पाहुण्यासाठी धावतो. तुमचे २४ आणि त्यांचे ३० असतील तर काहींना दोन पाहुणे द्यावे लागतील, चालतं, तिघांचं उलट जास्त जमतं.

खुर्च्यांचं पण आदल्या दिवशी बघा. बुफे ठेवला की लोक ताट घेऊन आपापल्या माणसांच्या घोळक्यात उभे राहतात, त्यामुळं शक्य असेल तर बसून पंगत करा, किंवा आठ-आठ खुर्च्यांची गोल टेबलं लावा आणि प्रत्येक टेबलावर नावाच्या चिठ्ठ्या ठेवा, यजमान-पाहुणा-यजमान-पाहुणा अशा. चिठ्ठीवर नाव मोठं लिहा, चष्मा नसला तरी समोरच्याला वाचता आलं पाहिजे. आमचे सार्जंट अ‍ॅट आर्म्स, म्हणजे मीटिंगची व्यवस्था बघणारे पदाधिकारी, हे काम फार मन लावून करतात, स्वतःच्या अक्षरात स्केचपेननं लिहितात, आणि पाहुणे त्या चिठ्ठ्या खिशात घालून घरी नेतात असं मी बऱ्याचदा बघितलंय.

याचा उपयोग काय होतो ते एका प्रसंगावरून सांगतो. २०१९ च्या जानेवारीत असंच एक जेवण झालं होतं, साधं, आमच्या एका मेंबरच्या मळ्यात. आमच्याकडच्या एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांच्या शेजारी त्यांच्याकडचे एक दूध संकलनवाले बसले होते, चिलिंग प्लांट आहे, टँकर आहेत. दोघं काय बोलले असतील, तर टँकर आतून कसा धुतात, त्याला किती पाणी लागतं, असलंच काहीतरी, डॉक्टरांना त्यात रस वाटला म्हणून ते विचारत बसले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महापूर आला. सांगलीत आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी, तिथं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, कोल्हापूरजवळच्या शिरोलीपाशी पुणे-बेंगलोर हायवे बंद पडला, आणि आमच्या गावात चोहीकडे पाणी असून प्यायला पाणी नव्हतं कारण नळपाणी योजनेची मोटारच बुडाली होती. तेव्हा डॉक्टरांना आठवलं की दुधाचा टँकर आतून स्टीलचा असतो आणि वाफेनं धुतात. त्यांनी फोन लावला. रोटरी डिस्ट्रिक्टला नाही, अध्यक्षांना नाही, थेट त्या माणसाला. दुसऱ्या दिवशी दुपारी फिरून फिरून वरच्या रस्त्यानं पिण्याच्या पाण्याचे दोन टँकर गावाच्या कडेला येऊन उभे होते. नंतरचे सहा दिवस ते येत होते. त्या डॉक्टरांकडे तो नंबर होता तो फक्त एका जेवणामुळं होता, आणि जेवताना ते आपल्याच लोकांत बसले असते तर तो नसता.

म्हणून मी गायकाला नको म्हणतो. गायक असला की बोलणं बंद. अगदीच काही हवं असेल तर लायन्स क्लबवाल्यांकडची एक पद्धत घ्या, त्यांच्यात टेल ट्विस्टर म्हणून एक पदाधिकारी असतो, तो छोट्या छोट्या कारणानं मेंबरांना दंड करतो आणि सगळे हसत हसत पैसे टाकतात. आम्ही दोन्ही क्लबांचा मिळून एक माणूस नेमतो, दहा-वीस रुपये दंड, आपल्या जोडीदार पाहुण्याच्या मुलांची नावं सांगता आली नाहीत तर दंड, गाव सांगता आलं नाही तर दंड. जमलेले पैसे एका शाळेच्या वाचनालयाला. वीस मिनिटांत संपतं आणि कुणी कंटाळत नाही.

औपचारिक भाग ठेवायचा पण लहान. घंटा, फोर वे टेस्ट, दोन्ही अध्यक्षांनी पाच-पाच मिनिटं, बॅनरची देवाणघेवाण, एक फोटो, आणि आभार दोन वाक्यांत. शेवटी राष्ट्रगीत. सगळं मिळून २५ मिनिटं आणि हे जेवणाच्या आधी उरकायचं. शाल-श्रीफळ नको असं मी म्हणणार नाही, आपल्या भागात पाहुण्याचा मान असतो, पण तो एकट्या पाहुण्या अध्यक्षांना द्या, बाकीच्यांना त्यांच्या त्यांच्या यजमानानं हातात एक गुलाब दिला तरी पुरे.

जेवणाबद्दल. तुम्ही सांगलीकडचे म्हणालात म्हणून मुद्दाम सांगतो, यादी मागतानाच विचारा की सूर्यास्ताआधी जेवणारे किती आहेत. आपल्या भागात जैन मेंबर भरपूर आहेत आणि त्यातले काहीजण रात्री अन्न घेत नाहीत. डिसेंबरात सहाच्या सुमारास दिवस मावळतो आणि तुमचा कार्यक्रम साडेसातचा, म्हणजे ते बिचारे येणार आणि नुसते बसून राहणार, आणि स्वतःहून ते कधीच सांगत नाहीत. आम्ही काय करतो, असे चार-पाच जण असतील तर त्यांना पाच वाजताच बोलावतो, आमच्यातल्याच एका जैन मेंबरच्या घरी, सव्वापाचला पानं मांडतो, ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी, भात, तूप, कांदा-लसूण-बटाटा काही नाही, आणि तिथं आमचे दोघं-तिघं मुद्दाम त्यांच्याबरोबर जेवतात. मग सगळे मिळून हॉलवर येतात. त्या घरी बसून झालेल्या ओळखी सगळ्यात पक्क्या झाल्यात असा माझा अनुभव आहे.

व्हेज-नॉनव्हेजचा वाद तुमच्याकडे होणार हे गृहीत धरा. माझं मत, दोन्ही ठेवायचं असेल तर आचारी वेगळे, भांडी वेगळी, वाढायची टेबलं हॉलच्या दोन टोकांना, पण बसायला सगळे एकत्र. एकत्र बसण्यावर काहींना हरकत असेल, तर त्या दिवशी पूर्ण शाकाहारी करा, एक दिवस मटण नसल्यानं काही बिघडत नाही आणि जोड्या मोडल्या तर सगळंच बिघडतं. शनिवार म्हणालात म्हणजे तसेही बरेच जण शनिवार पाळतात, मार्गशीर्ष असेल तर गुरुवार गेला, संकष्टी बघा, एकादशी बघा. माझ्या हातात असतं तर मी हुरड्याचा बेत केला असता, डिसेंबर अखेर ते जानेवारी, कुणाच्या तरी शेतात, शेकोटीभोवती. हुरडा भाजून होईपर्यंत हातात काही नसतं त्यामुळं माणसं बोलतातच, तळहातावर चोळून एकमेकाला देतात, वर शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. शाकाहारी-मांसाहारी प्रश्नच येत नाही. सूर्यास्ताआधी करायचा तर चार वाजता सुरू करा म्हणजे सगळ्यांनाच चालतं.

खर्चाबद्दल मी जरा कडक आहे. जेवणाचा पैसा मेंबरांच्या वर्गणीतून किंवा त्या दिवशीच्या माणशी काँट्रिब्युशनमधून यायला पाहिजे, प्रोजेक्टच्या खात्यातून एक रुपयाही नाही. क्लबचा ट्रस्ट असेल तर लोकांनी देणगी म्हणून दिलेले पैसे त्यात आहेत, ते डोळ्यांच्या कॅम्पसाठी दिलेत, आपल्या रश्श्यासाठी नाही. ऑडिटचं सोडा, गावात एकदा तशी कुजबूज झाली की पुढची दहा वर्षं कुणी देणगी देत नाही. एखादा मेंबर म्हणाला की सगळं जेवण माझ्याकडून, तर त्याला प्रेमानं सांगा की तुम्ही जागा द्या किंवा गोड द्या, पूर्ण नको, कारण मग ती क्लबची भेट राहत नाही, त्यांच्या घरचं कार्य होतं. आमच्याकडे यजमान क्लबनं जेवण द्यायचं आणि परतभेटीत समोरच्यानं असा सरळ हिशोब आहे. पण तुमचे २४ आणि त्यांचे ६० मेंबर असतील तर दरवेळी हे तुम्हाला झेपणार नाही, तेव्हा त्यांच्या अध्यक्षांशी आधीच मोकळं बोला, निम्मं निम्मं करू म्हणा, यात कमीपणा काही नाही, मोठे क्लब हे समजून घेतात.

दारू नको. रोटरीचा म्हणून तसा काही नियम नाही, ते ज्या त्या क्लबनं ठरवायचं असतं, पण आंतरक्लब भेटीत मी तरी कधीच ठेवू देत नाही. एक तर निम्मे लोक गच्चीवर आणि निम्मे खाली, लावलेल्या जोड्या तिथंच संपल्या. दुसरं जास्त महत्त्वाचं, डिसेंबर म्हणजे गळीत हंगाम ऐन भरात, रात्री रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या, एका ट्रॅक्टरमागं दोन-दोन, मागं लाईट नाही, रिफ्लेक्टर नाही. पाहुणे पावणेदहापर्यंत गाडीत बसले पाहिजेत हे मी घड्याळ लावून बघतो. जाता जाता सांगतो, आमच्या शेजाऱ्यांबरोबर रिफ्लेक्टर लावायचं काम सुरू झालं ते अशाच एका जेवणाच्या टेबलावर, त्यांच्यातल्या एकाची गाडी येताना ट्रॉलीला घासता घासता वाचली होती, तो घाबराघुबरा आत आला आणि पहिल्यांदा तेच बोलला. पुढच्या रविवारी दोन्ही क्लबांची मुलं कारखान्याच्या गेटवर लाल पट्ट्या चिकटवत होती.

घरच्यांना बोलवायचं का, तर हो, पण मग त्यांच्याही जोड्या लावा. मेंबरच्या बायकोला रोटरीत अ‍ॅन म्हणायची पद्धत आहे, तिला तसं म्हणून एका कोपऱ्यात बसवून ठेवायचं आणि वर्षातून एकदा बुके द्यायचा हे आता पुरे झालं. रोटरीनं जगभर बायकांना मेंबर करून घ्यायला १९८९ ला मान्यता दिली, आज आमच्या अध्यक्ष एक वकील बाई आहेत. तेव्हा चिठ्ठी लिहिताना प्रत्येकीचं स्वतःचं नाव आणि स्वतःचं काम लिहा, शिक्षिका असेल तर शिक्षिका, घर बघत असेल तर तिला काय आवडतं ते विचारून लिहा.

आता तुम्ही ओझरतं लिहिलंय की काही वर्षांपूर्वी एका कॅम्पच्या बॅनरवरून दोन क्लबांत बोलाचाली झाली होती. यावर मी जे सांगतो ते माणसं बघून करा. ज्या दोघांत ते झालं ते दोघं येणार असतील तर त्यांना जोडीला लावू नका, आणि स्टेजवरून जुन्या गोष्टी विसरूया वगैरे चुकूनही कुणी बोलू नका, विसरलेल्यांना पण आठवतं. त्याऐवजी जेवणाच्या दहा दिवस आधी तुम्ही आणि तुमचे अध्यक्ष त्यांच्या गावी जा, त्या माणसाच्या दुकानात, नुसतं आमंत्रण द्यायला, हातानं. चहा घ्या आणि या. त्यांच्या दारात जाऊन बोलावल्यावर येणारा माणूस वेगळ्या मनानं येतो.

थोडक्यात तुमच्यासाठी क्रम असा: आत्ता त्यांच्या सेक्रेटरीला फोन करून यादी मागा, ती आली की जोड्या, मग तुमच्या प्रत्येक मेंबरला एकेक फोन, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून चालणार नाही. आचाऱ्याला आकडा दोन दिवस आधी द्या आणि पाच पानं जास्तीची सांगा, ड्रायव्हर मोजायचे राहतात. त्यांनाही त्याच पंगतीत बसवा.

आणि भेट संपायच्या आधी, गाड्या निघायच्या आधी, परतभेटीची तारीख दोन्ही सेक्रेटरींनी डायरीत लिहायची. नंतर ठरवू म्हटलं की मार्च येतो, मार्च एंड येतो, मग १ जुलैला दोन्हीकडे पदाधिकारी बदलतात आणि नवीन माणसांना पुन्हा पहिल्यापासून ओळख करून घ्यावी लागते. तुमचं कसं झालं ते जेवणानंतर इथं नक्की लिहा, विशेषतः जोड्या कशा लावल्यात ते वाचायला मला आवडेल.